सिंग यांच्या पेशी

डासांच्या मागे रात्री-अपरात्री हिंडणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. मी मात्र एकाच शोधनिबंधाबद्दल बोलणार आहे. तो १९६७ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला, जेमतेम तीन पानांचा. लेखक एकटे डॉ. के. आर. पी. सिंग, पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे. म्हणजे आजच्या आपल्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे, एनआयव्हीचे. एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या डासांच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या, एवढीच त्यातली हकीकत.

एवढीच म्हणतो खरा, पण ज्यांनी हे केले आहे ते आता गालात हसत असतील. अंड्यांतून नुकत्याच बाहेर आलेल्या अळ्या बारीक कापायच्या, ट्रिप्सिनने पेशी सुट्या करायच्या, पोषकद्रवात सोडायच्या आणि वाट बघायची. अळी कापली की तिचे आतडेही त्यात आले. त्यातला एखादा जिवाणू जगला की फ्लास्क गढुळतो आणि केले-सवरले मोरीत जाते. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या ग्रेस यांनीही एडिस इजिप्तीच्या पेशी वाढवल्याचे जाहीर केले होते. माणूस मोठा, कीटकपेशींची पहिली टिकाऊ सेल लाइन १९६२ मध्ये त्यांनीच पतंगापासून केली होती. पुढे तपासात निघाले की त्यांच्या त्या ‘डासाच्या’ पेशीही पतंगाच्याच होत्या! पुण्याच्या पेशी डासाच्याच निघाल्या.

१९७८ मध्ये अकिरा इगाराशी यांनी सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशींतून एक क्लोन वेगळा काढला. तोच सी६/३६. डेंगी आणि चिकनगुन्याचे विषाणू त्यात जोमाने वाढतात. इगाराशींनी निबंधाच्या शीर्षकातच सिंग यांचे नाव घातले. आपल्यापैकी कितीजण ते घेतात? पूर्वी तान्ह्या उंदरांच्या मेंदूत टोचून विषाणू वाढवावे लागत. आता २८ अंशांच्या इनक्युबेटरमधला एक फ्लास्क पुरतो.

हा जोम कुठून येतो, हे कळायला २०१० उजाडले. विषाणूचा आरएनए तोडणारे डायसर-२ हे विकर या पेशींत नीट चालत नाही. घराचा पहारेकरीच झोपलेला. विषाणू वेगळा काढणाऱ्याला ते सोयीचे आहे, पण डासाच्या प्रतिकारशक्तीवरचे निष्कर्ष केवळ सी६/३६ वरून काढणाऱ्या तरुणांनी जरा थांबावे. असे निबंध माझ्याकडे परीक्षणाला येतात, म्हणून स्पष्टच सांगतो.

आता सिंग यांचे हे काम विषाणूशास्त्राचे की कीटकशास्त्राचे? आपल्या बढतीच्या अर्जात ‘विशेष विषय’ असा एकच रकाना असतो. खाली निबंधांची संख्या आणि इम्पॅक्ट फॅक्टर. टिकवलेली सेल लाइन, वर्षानुवर्षे सांभाळलेली डासांची वसाहत, नावानिशी लावून ठेवलेले नमुने, यांना त्यात जागाच नाही. मग इन्सेक्टरीत रविवारी अळ्यांना खायला घालायला कोण येईल? आणि ती वसाहत मेली, तर शेजारच्या विभागातला विषाणूवाला प्रयोग कशावर करणार?

दुपारच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे: निवड समित्यांनी सेल लाइन, वसाहत आणि नमुने या तीन गोष्टींना शोधनिबंधाइतके गुण द्यावेत, आणि कीटकशास्त्राच्या प्रत्येक मुलाखतीला एक विषाणूशास्त्रज्ञ बसवावा. उलटही. विरोध होईल, याची कल्पना आहे. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी जेवण करून निघून जाऊ नये, ही विनंती.