आमच्या गावचे स्टेशन

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ माझे सारे आयुष्य गेले. तेथून स्टेशनावर जावयाचे म्हणजे सारे शहर ओलांडावे लागते. लहानपणी टांग्यात बसून स्टेशनाकडे निघालो की अर्धा प्रवास तेथेच झाल्यासारखे वाटे.

हे स्टेशन निजाम उस्मान अली खान यांनी बांधले, असे पुष्कळ लोक सांगतात. तसे छापलेलेही आढळते. इतिहास शिकविण्यात जन्म घालविलेल्या माणसास हे सोसवत नाही. स्टेशन सुरू झाले 1900 साली. तेव्हा गादीवर होते मीर महबूब अली खान. उस्मान अली गादीवर आले ते 1911 साली.

मनमाडपासून जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादेस जाणारा हा सुमारे 390 मैलांचा मार्ग हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा. रुळांमधील अंतर एक मीटर, म्हणजे सव्वातीन फूट. लहान रुळांस भराव कमी, पूल हलके, खर्चही बेताचा. पण मुंबईकडील रूळ साडेपाच फुटांचे! दोन्ही मार्ग मनमाडास भेटत, पण एकमेकांत मिसळत मात्र नसत. मराठवाड्याचा माल तेथे एका वाघिणीतून दुसरीत हमालांच्या पाठीवरून जाई, आणि माणसेही तशीच गाठोड्यांसह एका गाडीतून उतरून दुसरीत चढत.

1979 साली आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया मुंबईस झाली. परतताना तिच्या डोळ्यांवर पट्टी होती. मनमाडास मध्यरात्री उतरलो. एका हाताने ट्रंक सावरीत व दुसऱ्या हाताने तिला धरून मी पूल चढू लागलो. ती प्रत्येक पायरीवर थबके आणि विचारी, “अजून किती रे?” मी मोजून सांगे. तिला धक्का लागू नये असे डॉक्टरांनी बजाविले होते, आणि पुलावर तर गर्दीचा लोंढा! मीटरगेजच्या डब्यात तिला बसविले तेव्हा माझे हात थरथरत होते. पहाटे आपले स्टेशन आले, फलाटावर पाय टेकताच ती म्हणाली, “आता मला धरू नकोस.”

1992 साली मनमाडपर्यंत रुंद रूळ आले व हा द्राविडी प्राणायाम संपला. अलीकडे, 2025 च्या ऑक्टोबरात, स्टेशनाचे नावही बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. जुनी माणसे मात्र रिक्षावाल्यास नुसते “स्टेशन” एवढेच सांगतात, आणि त्याला ते पुरते.

रुंद रूळ आल्यावर आईला थेट मुंबईच्या गाडीत बसवून नेले. दृष्टी आता बरी होती. खिडकीबाहेर पाहता पाहता तिने मनमाडची पाटी वाचली आणि घाईघाईने बोचके उचलून उभी राहिली.

“आई, बस. उतरायचे नाही,” मी म्हणालो.

ती बसली, पण गाडी हलेपर्यंत बोचके काही तिने मांडीवरून खाली ठेवले नाही.