ब्लॅक पँथरचा दवाखाना आणि आपण

(भीमजयंतीनिमित्त अमवाज आयलंड्स, बहरीन येथे भरलेल्या मेळाव्यातील भाषण)



मुहर्रकच्या किनाऱ्यालगत समुद्रात भराव घालून उभारलेल्या या अमवाज बेटांवर आज आपण मायभूमीपासून दूर, परंतु एका विचाराने एकत्र आलो आहोत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा मुक्तिलढा आणि आपली चळवळ यांच्या नात्याविषयी बोलावे, अशी संयोजकांची आज्ञा आहे. आम्ही व्यवसायाने वैद्य आहोत. त्यामुळे या विशाल विषयातील जो भाग आमच्या व्यवसायाला स्पर्श करतो आणि ज्याची चर्चा आपल्या व्यासपीठांवर क्वचित होते, त्यावरच आम्ही भर देणार आहोत.

हे नाते फार जुने आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून एका शूद्र विचारवंताने सातासमुद्रापलीकडील गुलामांच्या मुक्तीत आपल्या बांधवांची मुक्ती पाहिली, हे आपण विसरता कामा नये. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. कृष्णवर्णीयांची वस्ती असलेले हार्लेम तेथून पायी जाण्याच्या अंतरावर होते. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागविल्या होत्या. अस्पृश्यांचे गाऱ्हाणेही त्याच दारी मांडता येईल काय, हा त्यांच्या मनातील प्रश्न होता. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतिपूर्वक उत्तर धाडले.

ड्यू बॉइस यांचे आणखी एक कार्य वैद्यकाच्या दृष्टीने मोलाचे आहे. हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्या काळी अनेक गोऱ्या पंडितांचे असे मत होते की, निग्रो वंश मुळातच दुबळा आहे, म्हणून तो रोगांना बळी पडतो. ड्यू बॉइस यांनी १९०६ साली अटलांटा विद्यापीठातर्फे निग्रो अमेरिकनांच्या आरोग्यावरील अभ्यास प्रसिद्ध करून या मताचा समाचार घेतला. रोगराईचे मूळ वंशात नसून कोंदट घरे, अपुरे अन्न, घाणेरडे पाणी आणि उपचारांचा अभाव यांत आहे, असे त्यांनी आकडेवारीनिशी दाखविले. ज्या समाजाला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, त्याला हा सिद्धांत वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ब्लॅक पँथरकडे वळू. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी हा पक्ष स्थापन केला. काळी टोपी, चामड्याचे जाकीट आणि खांद्यावर बंदूक हे त्यांचे चित्र आपल्या परिचयाचे आहे. परंतु त्याच पक्षाने जानेवारी १९६९ पासून ओकलंडमधील एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना रोज सकाळी मोफत न्याहारी देण्यास आरंभ केला आणि पाहता पाहता हा उपक्रम शहरोशहरी पसरला. उपाशी पोराला फळ्यावरचे अक्षर दिसत नाही, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते. शिकागोत या कार्यात आघाडीवर असलेला फ्रेड हॅम्प्टन हा तेजस्वी कार्यकर्ता ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, तेव्हा त्याचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. पोर्टलंड येथील मोफत दवाखान्याला पुढे त्याचेच नाव देण्यात आले.

१९७० साली प्रत्येक शाखेने मोफत दवाखाना काढावा, असा आदेश बॉबी सील यांनी दिला. हे दवाखाने स्वयंसेवक डॉक्टर, परिचारिका आणि वस्तीतील तरुण मिळून चालवीत. त्याच सुमारास पक्षाने सिकलसेल या आजाराचा प्रश्न हाती घेतला. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली वैद्यकीय नियतकालिकात या आजाराचे पहिले वर्णन केले. त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. त्यानंतर साठ वर्षे लोटली तरी गोऱ्या समाजातील आनुवंशिक आजारांच्या मानाने या आजाराच्या संशोधनासाठी फारच थोडा पैसा मिळत होता. १९७१ पासून पँथरचे कार्यकर्ते घरोघरी, उद्यानांत आणि सभांच्या मंडपांत जाऊन बोटाला टोचून थेंबभर रक्त तपासू लागले. ओकलंडचे डॉ. टॉल्बर्ट स्मॉल यांच्यासारखे वैद्य त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्यांना पोलीस गुंड म्हणत, ते तरुण आयाबायांना आनुवंशिकता समजावून सांगत होते. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आपल्या आरोग्यविषयक संदेशात या आजाराचा उल्लेख केला आणि मे १९७२ मध्ये सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. त्याचे श्रेय एकट्या पँथरचे नाही. परंतु उपेक्षितांनी आपल्या रक्ताचा हिशेब स्वतः मांडला, तेव्हा सरकारला तो पाहावा लागला, एवढे निश्चित.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही राज्यांनी घाईघाईने सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. केवळ वाहक असलेल्या, म्हणजे स्वतः निरोगी असलेल्या माणसांना विम्यात आणि नोकरीत अडथळे आले. अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीची दारे वाहक तरुणांना १९८१ पर्यंत बंद होती. जी तपासणी मुक्तीसाठी सुरू झाली, तिच्यातूनच नवा शिक्का तयार होऊ लागला. म्हणूनच तपासणी ऐच्छिक असावी, अहवाल गुप्त राहावा आणि तपासणीबरोबर समुपदेशन असावे, हे तत्त्व पुढे मान्य झाले.

मुंबईत १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली. खेड्यापाड्यांतील अत्याचारांनी त्यांचे रक्त उसळले होते. त्यांनी ब्लॅक पँथरचे नाव घेतले आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात त्या लढ्याशी आपले नाते सांगितले. त्यांनी दिलेल्या स्वाभिमानाचे ऋण आमच्या पिढीवर आहे. मात्र ओकलंडचे नाव आणि निखारा जसा मुंबईला पोहोचला, तसा तेथील दवाखाना पोहोचला नाही. सिकलसेलचा प्रश्न तर आपल्याच दाराशी होता. १९५० च्या दशकातच नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतात या आजाराची नोंद केली होती. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि तिकडे नंदुरबार या जिल्ह्यांत तो आजही आढळतो. पूर्वाश्रमीच्या महार समाजात, गोंड, परधान, भिल्ल या आदिवासींत तो आहे आणि कुणबी, तेली बांधवांतही आहे. तो कोणत्याही जातीचा शाप नाही. जेथे हजारो वर्षे मलेरियाने माणसे मेली, तेथे या जनुकाची एक प्रत असलेली मुले त्यातून तुलनेने अधिक तरली, म्हणून ते टिकून राहिले. ड्यू बॉइस यांचे सूत्र येथेही लागू पडते: जनुक निसर्गाचे, पण उपचाराविना होणारा मृत्यू समाजाने दिलेला.

आपल्या परंपरेत दवाखान्याचे उदाहरण नाही असे कोणी समजू नये. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथे आल्या, रुग्णसेवेत त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निर्वाण झाले. ओकलंडच्या सत्तर वर्षे आधी आमच्या मातेने हे राजकारण आपल्या पाठीवर वाहिले होते.

आता ज्या देशाचे आपण पाहुणे आहोत, त्याच्याकडे पाहू. बहरीनमध्ये हा आजार फार पूर्वीपासून आहे. आखाताच्या या किनाऱ्यावर आणि आपल्या विदर्भात त्याचा जो जनुकीय प्रकार आढळतो, त्याला शास्त्रज्ञ अरब-भारतीय प्रकार म्हणतात. म्हणजे मुहर्रकच्या मुलाचे दुखणे आणि भंडाऱ्याच्या मुलाचे दुखणे सख्खे भाऊ आहेत. बहरीनने शाळांतून तपासणी केली आणि २००४ साली विवाहापूर्वीची तपासणी कायद्याने आवश्यक केली. लग्न करावे की नाही, हा निर्णय मात्र वधूवरांकडेच ठेवला. नवजात बालकांतील या आजाराचे प्रमाण येथे लक्षणीय घटले आहे. भारतातही १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला आणि सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश झाला आहे.

तेव्हा आमची आपणास नम्र विनंती आहे. विदर्भातील प्रत्येक कुटुंबाने आपला ‘पॅटर्न’ एकदा तपासून घ्यावा. ‘एएस’ म्हणजे वाहक. तो रुग्ण नव्हे. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी ‘एसएस’, म्हणजे आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. ज्यांना आजार आहे, त्यांनी या देशाच्या उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावे, ताप अंगावर काढू नये आणि हायड्रॉक्सीयुरियाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये. या औषधाने अनेकांची वेदना कमी झाली आहे. संस्थेने शिबिर जरूर भरवावे. मात्र कोणाचा अहवाल काय आला, हे संस्थेने विचारू नये व त्याची यादी ठेवू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलतो. आपल्याकडे मुलगी वाहक निघाली की स्थळ मोडते आणि मुलगा वाहक निघाला की गोष्ट झाकली जाते. जनुकाला स्त्री-पुरुष हा भेद ठाऊक नाही. तो आपण करतो. शिवताशिवतीचा डाग पुसण्यासाठी ज्यांच्या तीन पिढ्या झिजल्या, त्यांच्या घरात रक्ताच्या अहवालावरून नवी अस्पृश्यता शिरत असेल, तर ती उंबऱ्यावरच अडवली पाहिजे. लग्न जुळविताना दोन्ही बाजूंनी तपासणी करावी, दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने बोलावे आणि निर्णय त्या दोघांना घेऊ द्यावा.

येथील शिबिरासाठी बोटाला टोचण्याची सुई आणि समजावून सांगणारी जीभ या दोन गोष्टी आम्ही वैद्य मंडळी देऊ. मंडप, माणसे आणि विश्वास आपण द्यावा. 

जय भीम! जय भारत!