डोंगरावरचे हवामान कोणाला विचारावे?



नागपंचमी जवळ आली की आपल्या वऱ्हाडातली माणसे पचमढीच्या वाटेला लागतात. मूर्तिजापूर भागातूनही जथे निघतात. नागद्वारची यात्रा म्हणजे सातपुड्यातली पायपीट. रान वाघाचे. म्हणून ती वाट वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या सुमारास दहाएक दिवस उघडतात. म्हणजे ऐन पावसाळ्यात! सण तेव्हाच येतो, त्याला आपला इलाज नाही. पण पावसाची चौकशी करून निघणे तरी आपल्या हाती आहे ना?

आधी माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी आम्ही पंधरा जण गेलो होतो. सकाळी पचमढीत चहा घेताना एका पोराने फोन काढला आणि म्हणाला, "आज पाऊस नाही. ऊन पडणार." सगळे खूश. छत्र्या आणि घोंगड्या जीपमध्येच ठेवल्या.

आमच्यात एक आजी होत्या. साक्षरता वर्गात त्या नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. दुकानाची पाटी, एसटीची पाटी, दिसेल ते वाचत. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि अक्षर अक्षर लावले. मग म्हणाल्या, "मास्तर, याच्यावर तं आपल्या गावचं नाव हाय."

आम्ही हसलो. मी हेडमास्तर, मीही हसलो!

फोनात मूर्तिजापूरचे नाव भरून ठेवलेले होते. तो मूर्तिजापूरचे ऊन दाखवत होता. आम्ही उभे होतो पचमढीला.

दुपारी परत फिरलो तेव्हा आभाळ काळे झाले. सकाळी ज्या नाल्यात घोटे भिजले होते, तिथे छातीएवढे गढूळ पाणी धावत होते. दोघे तरुण म्हणाले, "हात धरून साखळी करू, निघून जाऊ." तेवढ्यात त्या रानातला एक कोरकू माणूस आला. त्याने हातानेच खाली बसा म्हणून सांगितले. पाणी उतरायला तीन तास लागले. आम्ही भिजत बसलो. एका पोराला हुडहुडी भरली. आजींनी आपले लुगड्याचे गाठोडे सोडून त्याला गुंडाळले. त्या मघाच्या गोष्टीबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. तेच मला जास्त लागले.

असे का झाले? आपला मुलूख सपाट, पूर्णेच्या खोऱ्याचा. समुद्रावरचा वारा वाफ घेऊन येतो. डोंगर आडवा आला की तो वर चढतो. वर गारवा असतो. तिथे वाफेचे पाणी होते आणि पाऊस पडतो. चुलीवरच्या झाकणाला थेंब धरतात, तसेच हे. म्हणून अकोल्यात घाम गळत असतो, तेव्हा चिखलदऱ्यावर धुके असते. पचमढीला तर वर्षाचा पाऊस अकोल्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय नाल्याला पूर यायला आपल्या डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही. वरच्या अंगाला पडला तरी पुरे.

मग विचारावे कोणाला? सरकारचे हवामान खाते 1875 सालापासून आहे. विदर्भाचा अंदाज नागपूरच्या केंद्रातून निघतो. मध्य प्रदेशाचा भोपाळच्या केंद्रातून. हा अंदाज जिल्ह्याजिल्ह्याचा असतो. पचमढीचा जिल्हा नर्मदापुरम. आधी त्याला होशंगाबाद म्हणत. तेव्हा पचमढीला जाणाऱ्याने नर्मदापुरमचा अंदाज पाहावा, चिखलदऱ्याला जाणाऱ्याने अमरावतीचा, नरनाळ्याला जाणाऱ्याने अकोल्याचा. खात्याचे 'मौसम' नावाचे अ‍ॅप आहे. त्यात गावाचे नाव घालता येते.

खाते जिल्ह्याला रंग देते. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे धोका मोठा, लगेच सावध व्हा. हे झाले सगळ्यांसाठी. डोंगर चढणाऱ्याने नारिंगीलाच मुक्कामी थांबावे असे माझे मत आहे. घरात बसलेल्या माणसाची तयारी वेगळी आणि नाल्याकाठी उभ्या असलेल्याची वेगळी.

खात्याच्या बोलीत जोरदार पाऊस म्हणजे चोवीस तासांत साधारण 65 मिलिमीटरच्या वर. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण एवढा पाऊस एका एकरावर पडला तर अडीच लाख लिटरांहून जास्त पाणी होते. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर! आणि डोंगराला उतार असतो.

कोणी म्हणेल, आमची भेंडवळची घटमांडणी आहे की. असू द्या. अक्षय तृतीयेला तिथे साऱ्या सालाची गोष्ट सांगतात. उद्या दुपारी अमक्या नाल्याला पूर येईल का, हे ती सांगत नाही. फोनवर फिरत येणारे निरोपही तसेच. त्यावर तारीख आहे का, ती आजची आहे का, ते आधी वाचा. गेल्या सालचा लाल इशारा यंदाही फिरत असतो.

रानात फोन लागत नाही. म्हणून अंदाज आदल्या संध्याकाळी पाहायचा, निघायच्या सकाळी पुन्हा पाहायचा आणि कागदावर उतरून खिशात ठेवायचा. तारीख, जिल्हा, रंग. बस्. वाटेवर पोलीस असतात, वनखात्याची माणसे असतात. त्यांना विचारायला लाजू नये. विजेसाठी 'दामिनी' नावाचे अ‍ॅप पुण्याच्या हवामान-संशोधन संस्थेने केले आहे. जवळपास वीज पडत असेल तर ते दाखवते. पण फोन लागत असेल तरच. नाही तर गडगडाट कानी पडताच माथा सोडा. आणि एकट्या झाडाखाली उभे राहू नका.

यंदाचा जथा निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे शाळेच्या ओट्यावर या. फोन घेऊन या. नर्मदापुरम हे नाव मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो. फोनवरचे नाव त्याच्याशी जुळते का, ते आजी पाहतील.