ज्ञानाच्या आधी पोहोचलेल्या परिचारिका
(वसंत व्याख्यानमाला, आदिलाबाद)



सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस, ३ जानेवारी, तेलंगण सरकारने २०२५ साली महिला शिक्षिका दिन म्हणून जाहीर केला. पैनगंगेच्या अलीकडच्या आपल्या मराठी मंडळींना त्याचा आनंद झाला. आज मला त्यांच्या आयुष्यातल्या शेवटच्या तारखेबद्दल बोलायचे आहे. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई प्लेगने गेल्या.

पुण्यात साथ पसरली तेव्हा त्यांचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. ६६ वर्षांच्या सावित्रीबाई तिथे रुग्णांचे सारे करीत. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा तापाने फणफणला आहे असे कळले, तशा त्या गेल्या आणि त्याला पाठीवर घालून दवाखान्यात घेऊन आल्या. मुलगा बचावला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. पुढे १९०५ मध्ये यशवंतरावही प्लेगचेच बळी ठरले.

सावित्रीबाईंनी परिचारिकेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. पण ज्यांनी ते घेतले होते, त्या तरी सुरक्षित होत्या का? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. तिथे शिकलेल्या अ‍ॅग्नेस जोन्स १८६५ मध्ये लिव्हरपूलला गेल्या. निराधार गरिबांसाठी चालवलेल्या तिथल्या रुग्णालयात हजाराहून अधिक रोगी होते आणि त्यांची शुश्रूषा आश्रयाला आलेल्या निराधार बायकांकडूनच करून घेत. अ‍ॅग्नेसबाईंनी शिकलेल्या बाराजणी सोबत नेल्या आणि कामाला शिस्त लावली. तीन वर्षांतच, १९ फेब्रुवारी १८६८ रोजी, त्या टायफसने गेल्या. वय अवघे ३५.

आता या दोन मरणांशेजारी आणखी दोन साले ठेवून पाहा. टायफस अंगावरच्या उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखवले, म्हणजे अ‍ॅग्नेस गेल्यानंतर ४१ वर्षांनी. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. सावित्रीबाईंना जाऊन तेव्हा वर्षच झाले होते. रोग कसा पसरतो हे कुणालाच ठाऊक नसताना या बायका खाटेशी उभ्या होत्या. शास्त्र त्यांच्या मागून आले.

आजही कधीकधी असेच घडते. २०१८ मध्ये केरळातल्या लिनी पुथुसेरी या परिचारिकेने एका तापाच्या रुग्णाची सेवा केली. तो ताप निपाह विषाणूचा आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. लिनी गेल्या.

पण आता मी आपल्याला जिल्ह्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतो. पावसाळा आहे, बाकांवर तापाचे रोगी दाटीने बसले आहेत. सिस्टर एकाच्या दंडातून रक्त काढतात. तेवढ्यात दुसऱ्याचा नातेवाईक खांद्याला हात लावून म्हणतो, "सिस्टर, आमचा नंबर कधी?" हात हलतो, वापरलेली सुई बोटात घुसते. या एका टोचण्यातून हेपॅटायटिस बी होऊ शकतो, एचआयव्हीची लागणही होऊ शकते. इथे शास्त्र आधीच हजर आहे. हेपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात: पहिला, मग एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा. एचआयव्हीचा धोका असेल तर लवकरात लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत, औषध सुरू करायचे असते. सुई वापरल्याबरोबर तिथेच कापून टाकायची यंत्रेही असतात.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. अ‍ॅग्नेस आणि सावित्रीबाई गेल्या तेव्हा माणसाचे ज्ञान तोकडे होते. आज प्रतिबंध माहीत असलेल्या रोगाने परिचारिका गेली, तर त्याला त्याग म्हणून हार घालण्याचा हक्क आपल्याला नाही. ती आपली हयगय आहे. लस कुणी दिली नाही, हातमोजे कुणी पुरवले नाहीत, एका सिस्टरवर किती रोगी टाकले, हे विचारल्याशिवाय वाहिलेली श्रद्धांजली अपुरी आहे. गर्दीत त्यांच्या खांद्याला हात लावणारे आपण आहोत, हेही लक्षात ठेवू.

येत्या १२ मे रोजी, नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिका दिन आहे. आपल्या गावच्या केंद्रात फुले घेऊन जरूर जा. पण सरपंचांना आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना सोबत न्या आणि त्यांच्यासमोर विचारा: "सिस्टर, तुमचे तिन्ही डोस झाले का?" उत्तर नाही असे आले, तर ते होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.