लग्नसराईतील बॅडमिंटन

सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकली, तेव्हा बंगळुरातील प्रकाश पदुकोण वर्षाचा होता. पुढे हा मुलगा मल्लेश्वरममधील कॅनरा युनियनच्या सभागृहात खेळू लागला. सभागृह लग्नकार्यांचे; मुहूर्त निघाला, की खेळ बंद! अशा अडून अडून झालेल्या सरावावर त्याने १९७१ साली कुमारांचे आणि खुल्या गटाचेही राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. मला मात्र १९८० चा वेंब्लीतील ऑल इंग्लंडचा अंतिम सामना अधिक मोलाचा वाटतो. समोर दोन वर्षांचा विजेता, इंडोनेशियाचा लीम स्वी किंग. त्याचा तडाखा जबर. प्रकाशने त्याला तडाख्याची संधीच क्वचित दिली. फूल कधी जाळ्यापाशी अलगद सोडले, कधी पार मागे धाडले. १५-३, १५-१०.