गाडीचं दार अडकतंय? कुलूप बदलायच्या आधी जमीन बघा

कळंबहून बोलतोय. धाराशिवचं नाही हं, यवतमाळचं, चिंतामणीचं कळंब. हे दर वेळी सांगावं लागतं, तर सांगून टाकलं.

आजचा विषय ऐकायला एकदम बारीक आहे. कॅरव्हॅनच्या दाराचं लॅच अडकतं, ते कसं सोडवायचं? तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे कॅरव्हॅन? नसेल. पण स्कूल व्हॅन आहे, रुग्णवाहिका आहे, मिनीबस आहे. दार सगळ्यांना सारखंच असतं. आणि ते उघडलं नाही की आत कोणीतरी असतं.

आमच्या घरी मामानं जुनी मिनीबस घेऊन तिची कॅरव्हॅन करून घेतली. मागे दोन पलंग, छोटा ओटा, गॅस. गाडीत असा बदल करायचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं. म्हणजे आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर नोंद. ते सगळं रीतसर केलं. ड्रायव्हरची केबिन आणि मागची खोली यांच्यात प्लायची भिंत आली, त्यामुळे मागे जायला-यायला डाव्या बाजूचं एकच दार उरलं.

मागच्या ऑक्टोबरात पाऊस नुकताच सरला होता, ऊन तापलेलं. गाडी वावराच्या कडेला उभी. आजी आत आडवी झाली होती. उठून दार उघडायला गेली तर उघडेचना! आतून तिनं ओढलं, बाहेरून आम्ही ओढलं. पाच-सात मिनिटांनी ते सुटलं. आजी ठीक होती, वरून आम्हालाच म्हणाली, "काहून घाबरले रे एवढे?" पण बंद गाडी उन्हात उभी असली की आतलं तापमान चढतं ते बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. हेच मे महिन्यात, ४५ अंशांत झालं असतं तर? म्हणून हा भाग.

आधी तातडीचं सांगतो. दार अडकलं की आपण हँडल जोरात ओढतो. ते आधी करायचं नाही. बाहेर असाल तर लॅचजवळ तळहातानं दार आत दाबा आणि दाबून धरूनच हँडल ओढा. आत असाल तर दार आपल्याकडे ओढून धरा, मग हँडल फिरवा. कारण साधं आहे: रबराची बीडिंग दाराला बाहेर ढकलत असते आणि तो सगळा ताण लॅचच्या पंजावर येतो. दार आत घेतलं की पंजा मोकळा होतो.

आता लॅच आतून कसं असतं ते बघू. तीन भाग असतात. एक हँडल. दुसरी हँडलपासून जाणारी सळई किंवा केबल. तिसरा लॅचचा डबा, त्यात एक फिरणारा पंजा आणि त्याला अडवणारी खिटी. समोर चौकटीवर एक लोखंडी कडी असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. दार लावलं की पंजा फिरून स्ट्रायकरला धरतो आणि खिटी त्याला मागे फिरू देत नाही. चांगल्या लॅचमध्ये दोन टप्पे असतात. पहिल्या 'टक'ला दार अर्धवट लागतं, दुसऱ्या 'टक'ला पूर्ण. एकच 'टक' ऐकू आला तर गाडी हलवायची नाही.

आम्हाला दोन गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळालं: पूर्ण कुलूप बदला. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे नियम असा की बग पुन्हा घडवून दाखवता येत नाही तोवर कोडला हात लावायचा नाही. तोच नियम इथे लावला.

पहिली चाचणी. दार उघडं ठेवा. स्क्रू-ड्रायव्हरनं पंजा ढकलून बंद करा, दोनदा टक. आता हँडल ओढा. पंजा सटकन सुटला तर लॅच चांगलं आहे, गडबड दुसरीकडे आहे. अडखळला तर डब्यात धूळ किंवा सुकलेलं ग्रीस आहे, नाहीतर सळई वाकली आहे. एक काळजी घ्या. पंजा बंद असताना दार आपटायचं नाही, नाहीतर स्ट्रायकर आणि पंजा दोन्ही जातील.

आमचा पंजा थोडा जड होता, पण सुटत होता. म्हणजे पूर्ण दोष त्याचा नव्हता.

दुसरी चाचणी. दार अर्धं उघडून हँडलच्या बाजूनं वर उचला. खडखड हललं तर बिजागरी झिजली आहे. आमची ठीक होती.

तिसरी चाचणी. स्ट्रायकरला खडू फासा आणि दार हळू लावा. पंजावर खडू कुठे लागतो ते बघा. मधोमध लागायला हवा. आमच्याकडे तो एका कडेला लागत होता. पण गंमत अशी की तीच गाडी घरासमोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर आणली की मधोमध! वावरात नेली की परत कडेला.

इथे खरा गुन्हेगार सापडला. आपली काळी माती. ही पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसून भेगाळते. इकडच्या घरांच्या भिंतींना तडे जातात आणि पावसाळ्यात दारं घासतात, त्यात या मातीचा मोठा हात असतो. गाडीचंही तेच झालं. मागचं डावं चाक खचलं, बॉडीला पीळ बसला आणि दाराची चौकट काटकोनात राहिली नाही.

हे मोजायला टेप पुरते. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकट सरळ. आमच्याकडे सिमेंटवर सारखे, मातीवर ६ मिलिमीटर फरक. १.७५ मीटर उंच आणि ६५ सेंटिमीटर रुंद चौकटीत एवढा फरक म्हणजे स्ट्रायकरची बाजू साधारण ३ मिलिमीटर खाली गेली. लॅचसाठी ३ मिलिमीटर म्हणजे फार झालं.

त्यात ऊन. अ‍ॅल्युमिनियमचं पावणेदोन मीटरचं दार ३० अंशांनी तापलं की सुमारे १.२ मिलिमीटर वाढतं. पोलादी चौकट तेवढीच तापली तर ०.६. म्हणून सकाळी कुरकुरत उघडणारं दार दुपारी हटून बसतं.

दुरुस्ती अशी केली. एक, गाडी उभी करताना चाकाखाली रुंद, जाड फळ्या. वजन पसरतं, चाक खचत नाही. फोनमध्ये लेव्हल दाखवणारं अ‍ॅप असतं, फोन गाडीच्या फरशीवर ठेवून बघा. हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा, मगच पुढचं काम.

दोन, सफाई. आपल्या भागात धुळीसोबत कापसाचे तंतूही उडतात. ते ग्रीसमध्ये बसले की लगदा होतो. रॉकेल आणि जुन्या टूथब्रशनं डबा धुतला, वाळवला आणि पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावलं. गॅसची शेगडी बंद ठेवून आणि दार उघडं टाकूनच हे करा. आता सगळ्यांचा आवडता डब्ल्यूडी-४०. तो १९५३ मध्ये अमेरिकेत बनला. नावाचा अर्थच 'पाणी हटवणारा, चाळिसावा प्रयोग'. गंज सोडवायला उत्तम, पण लॅचमध्ये ग्रीसची जागा तो घेत नाही. किल्लीच्या भोकात ग्रीस नको, ग्रॅफाइटची पूड घाला. बीडिंगला सिलिकॉन स्प्रे.

तीन, स्ट्रायकर. त्याच्या भोवती पेन्सिलनं रेघ मारून घ्या, म्हणजे मूळ जागा कळेल. स्क्रू सैल करा, अर्धा-एक मिलिमीटर सरकवा, कसा, बघा. आम्ही दीड मिलिमीटरवर थांबलो, म्हणजे सपाट जमीन आणि थोडी वाकडी जमीन, दोन्हीकडे चालेल असं. स्ट्रायकर कानशीनं घासू नका. दार आज छान उघडेल आणि उद्या चालत्या गाडीत आपोआप उघडेल.

चार, बीडिंग तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. थोडा जोर लागून निघाली तर बरोबर. फाटली तर बीडिंग फार जाड, अलगद आली तर पाणी आत येणार.

आता काम झालं की नाही हे कसं ठरवायचं? मी प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा आतल्या हँडलला अडकवून ओढला. आधी ९ किलोचा जोर लागत होता, नंतर अडीच. पण माझ्यासाठी तो आकडा दुय्यम आहे. माझ्या हातानं दार उघडणं ही चाचणीच नाही. आजीला आत बसवलं, दार लावलं आणि तिला म्हटलं, उघड. एका हातानं, किल्लीशिवाय, कोणाला हाक न मारता. तिनं तीनदा उघडलं. तेव्हा काम संपलं.

आणि प्लायच्या भिंतीत आम्ही केबिनकडे जायला झडप करून घेतली. आत गॅस आहे, बाहेर पडायला एकच वाट चालणार नाही.

तुमच्यासाठी एकच काम. घरातलं पोट्टं ज्या स्कूल व्हॅननं जातं, तिच्या मागच्या दाराचं आतलं हँडल एकदा ओढून बघा. चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर ते आतून उघडणारच नाही. मग ड्रायव्हरदादांना विचारा, अडचणीच्या वेळी मुलांनी बाहेर कुठून पडायचं? उत्तर लगेच आलं तर छान. नाही आलं, तर ते त्यांच्यासोबत बसून शोधा. चला, भेटू पुढच्या भागात.