एका एकवीस अंकी संख्येची गोष्ट
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



आज आम्ही तुमच्यापुढे एकच संख्या घेऊन उभे आहोत. बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत जायचे. त्या ६४ घरांना आणखी तीन घरे जोडली, तर एकूण दाणे होतील १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. म्हणजेच २ चा ६७ वा घात, वजा १. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त परार्धापर्यंत १८ स्थानांची नावे दिली. ही संख्या त्याही पुढची, २१ अंकी!

१६४४ साली मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने ही मूळ संख्या असल्याचे लिहिले. मूळ म्हणजे १ आणि ती स्वतः, याखेरीज कोणत्याही संख्येने तिला नि:शेष भाग जात नाही. विद्वानाचा शब्द, तो दोनशेहून अधिक वर्षे टिकला. १८७६ साली ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केले की ती मूळ नाही. पण तिचे अवयव कोणते, हे त्या सिद्धतेतून कळत नव्हते.

ते दाखवले अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी, ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी, न्यूयॉर्कला गणित संस्थेच्या सभेत. असे सांगतात, की ते फळ्यापाशी गेले, एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरे एकच! एक शब्द न बोलता ते जागेवर बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. यासाठी तीन वर्षांचे रविवार लागले, असे त्यांनी पुढे सांगितल्याची आठवण आहे.

आता आपण ताळा पाहू. मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज १०९. पुन्हा बेरीज १०, शेवटी १. पहिल्या अवयवाची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, तिचेही १०, आणि १. एक गुणिले एक, एक. ताळा जुळला! मात्र ताळा जुळला म्हणून गुणाकार बरोबरच असतो असे नाही. खात्रीसाठी पूर्ण गुणाकारच करावा लागतो. मुलांनो, घरी जाऊन तो करा, कागद-पेन्सिल पुरे.

अवयव शोधायला तीन वर्षे, पडताळायला एक दुपार. आज बँकेच्या कितीतरी व्यवहारांची गुप्तता याच फरकावर उभी आहे. संगणक ही एकवीस अंकी संख्या क्षणात फोडतो, म्हणून तिथे सहाशेहून अधिक अंकी संख्या वापरतात.

आम्हाला सांगायचे ते एवढेच: सांगणारा कितीही मोठा असो, ताळा आपण स्वतः पाहावा. बुद्धीच्या देवतेपुढे बसून एवढे शिकलो, तरी उत्सव सार्थकी लागला.